पैसे होते, कागद नव्हता: जर्मनीतली विद्यार्थिनी, पुण्यातले शैक्षणिक कर्ज आणि संपत आलेला परवाना

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबातली मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये मास्टर्ससाठी जर्मनीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात गेली. ओळख पटू नये म्हणून शहर, विद्यापीठ आणि बँक यांची नावे इथे दिलेली नाहीत.

विद्यापीठ सरकारी होते आणि त्या राज्यात शिकवणीचे शुल्क नव्हते. दर सेमिस्टरला ३१० युरो भरायचे आणि राहण्याखाण्याचा खर्च स्वतः करायचा. व्हिसासाठी ११,२०८ युरो श्पेरकोंटोत, म्हणजे बंदिस्त खात्यात, ठेवले होते. त्यातून दरमहा ९३४ युरो तिच्या चालू खात्यात येत. हे पैसे पुण्यातल्या बँकेच्या २४ लाखांच्या मंजूर शैक्षणिक कर्जातून गेले होते. पहिला हप्ता साडेदहा लाखांचा होता आणि उरलेले साडेतेरा लाख मंजूर असूनही बँकेतच होते. वडील सहकर्जदार. ते ३० जून २०२५ रोजी खासगी कंपनीतून निवृत्त झाले. कर्जाचे साधे व्याज, महिना सुमारे ९,००० रुपये, घरून भरले जात होते.

निवास परवान्याच्या कार्डावर मुदत होती ३१ ऑक्टोबर २०२५. बंदिस्त खात्याचा शेवटचा हप्ता सप्टेंबरचा. एक वर्षाचा परवाना आणि एक वर्षाचे पैसे एकाच सुमारास संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होते, पण कुणीच ते शेजारी ठेवून पाहिले नव्हते.

अडचण कशी साचत गेली

पैशांची ओढाताण जुलैत सुरू झाली. एप्रिलपासून चाललेली अर्धवेळ नोकरी ३० जूनला संपली, करार वाढला नाही. त्याच वेळी खोली बदलली. नवे भाडे ४३० युरो, त्यातले मूळ भाडे ३८०. घरमालकाने अनामत म्हणून तीन महिन्यांचे मूळ भाडे, म्हणजे १,१४० युरो, आधी मागितले आणि तिने एकरकमी दिले. जुन्या खोलीची अनामत परत यायची होती. ती हिशेब पूर्ण होईपर्यंत काही महिने अडकून राहणे तिकडे नेहमीचे आहे. तीन महिन्यांचे मूळ भाडे ही जर्मन कायद्यातली कमाल मर्यादा, पण तोच कायदा भाडेकरूला ही रक्कम तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क देतो. घरमालक हे आपणहून सांगत नाही. ३८० युरो जुलैत, ३८० ऑगस्टमध्ये, ३८० सप्टेंबरमध्ये असे दिले असते तर पुढचे निम्मे प्रकरण घडलेच नसते.

अनामतीसाठी तिने तिथल्याच एका मराठी मित्राकडून १,१०० युरो उसने घेतले. जुलै आणि ऑगस्टमध्ये आरोग्य विम्याचा हप्ता, महिना १४५ युरो, खात्यात शिल्लक नसल्याने परत गेला. मोबाइलचे बिल थकले. सप्टेंबरचे ९३४ युरो आले तेव्हा तिने त्यातले ५०० आधी मित्राला परत केले, कारण तो रोज कॅन्टीनमध्ये समोर भेटत होता. उरलेल्या ४३४ मध्ये खाणेपिणे चालवायचे म्हणून भाडे राहिले.

पत्रांचा घोळ वेगळाच. नवीन पत्त्याची नोंदणी दोन आठवड्यांत करायची असते, तिने ती पाच आठवड्यांनी केली. विमा संस्थेला पत्ता कळवलाच नाही. त्यात नव्या इमारतीच्या टपालपेटीवर तिने फक्त स्वतःचे नाव चिकटवले होते. आपल्याकडे पारपत्रात नावापुढे वडिलांचे नाव येते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. तिकडची पत्रे आडनावाने येतात. पेटीवर ते आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, शेजाऱ्याला विचारत बसत नाही. दीड महिना तिला वाटत होते की कुणाची तक्रार नाही.

८ सप्टेंबरला पेटीत पिवळे पाकीट सापडले. जर्मनीत पिवळे पाकीट म्हणजे कोर्टाकडून किंवा सरकारी कचेरीकडून आलेले, पोहोचल्याची नोंद होणारे टपाल. पाकिटावर पोस्टमन हाताने तारीख लिहितो आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, उघडल्या दिवसापासून नाही. आत मोबाइलच्या थकबाकीबद्दल कोर्टाची मागणी होती, हरकत घ्यायला दोन आठवडे.

१० सप्टेंबरला तिने पुण्याला फोन करून सगळे सांगितले. आईचा पहिला प्रश्न, "अगं, मग जुलैतच सांगायचं नाही का?" अशा प्रकरणांत न सांगण्याचे कारण बहुधा एकच निघते. वडील नुकते निवृत्त झालेत, त्यांच्याकडे कसे मागायचे? घरच्यांना मात्र पैशांपेक्षा त्या दोन महिन्यांचे जास्त लागले.

त्या रात्री मामाने व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून एकच काम करून घेतले: प्रत्येक देणे, रक्कम, कुणाचे, आणि न दिल्यास काय होईल, हे चार रकाने.

भाडे ४३० युरो. दोन महिन्यांचे थकले तर घरमालक तत्काळ करार मोडू शकतो.
आरोग्य विमा २९० युरो. दोन महिन्यांच्या थकबाकीवर तातडीच्या उपचारांखेरीज सेवा थांबतात, दरमहा १ टक्का दंड लागतो, आणि थकबाकी विद्यापीठाला कळवली गेली की पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते.
सेमिस्टरचे ३१० युरो. न भरल्यास नाव कमी होते आणि नाव कमी झाले की परवान्याचे कारणच संपते.
मोबाइल, वसुली कंपनी आणि कोर्टखर्च धरून १६८ युरो.
रेडिओ-टीव्ही वर्गणी सहा महिन्यांची ११०.१६ युरो, वर ८ युरो दंड.
मित्र ६०० युरो.

एकूण सुमारे १,९१६ युरो. युरो १०३ रुपये धरला तर दोन लाखांच्याही आत. घरच्यांना हायसे वाटले. हा अंदाज चुकीचा होता, कारण देणी फेडणे हा सोपा भाग होता. परवाना वाढवायला पुढच्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा लागणार होता आणि आता दर होता महिना ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४.

गाठ नेमकी कुठे होती

कर्जाचा दुसरा हप्ता मागायला आई १५ सप्टेंबरला सकाळी साडेदहाला शाखेत गेली. काउंटरवरून तीन गोष्टी सांगण्यात आल्या: पहिल्या वर्षाची मार्कशीट आणा, विद्यापीठाचे फी मागणीपत्र आणा, आणि वडील निवृत्त झाल्याने उत्पन्नाचा नवा दाखला आणा.

तिन्ही अडल्या. जर्मनीत पहिले वर्ष पास किंवा नापास असे नसते. विषयांचे क्रेडिट जमत जातात, वर्षाला साधारण ६० अपेक्षित असतात. तिचे ३६ झाले होते, दोन परीक्षा पुढे ढकललेल्या होत्या. गुणपत्रिका विद्यापीठाच्या पोर्टलवरून निघते, तिच्यावर पडताळणीचा क्रमांक असतो, सही-शिक्का नसतो. फी नाही म्हणून मागणीपत्रही नाही.

तिचे स्वतःचे पुण्यातले बचत खाते होते, त्यात १ लाख ६० हजार. तेही बंद पडले होते. केवायसीची मुदत उलटल्याने पैसे काढण्यावर निर्बंध आले होते आणि ओटीपी ज्या नंबरवर यायचा ते सिमकार्ड दहा महिने टेबलाच्या खणात होते. ९० दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते. सिम तिच्या नावावर, त्यामुळे वडील दुकानात जाऊन नवे घेऊ शकत नव्हते.

आणि जर्मनीत: नव्या नोकरीच्या मुलाखती चालू होत्या, पण ऑक्टोबरनंतरचा परवाना दाखवल्याशिवाय कुणी करार करेना. परवान्याला पैशांचा पुरावा हवा, पुराव्याला कर्जाचा हप्ता किंवा नोकरी हवी, नोकरीला परवाना हवा. परवाना कचेरीची, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेची, पोर्टलवर दिसणारी पहिली रिकामी वेळ जानेवारीतली होती.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मामाने मांडला: त्याची मुदत ठेव मोडून वर्षाची सगळी रक्कम पाठवायची. हिशेब नीट मांडला तेव्हा बारकावे दिसले. ११,९०४ युरो म्हणजे १०३ च्या दराने १२ लाख २६ हजार. २०२५-२६ मध्ये एका पाठवणाऱ्याने वर्षभरात १० लाखांपर्यंत परदेशी पाठवले तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, नव्हता. त्यावरच्या रकमेवर कारण 'शिक्षण' असेल तर ५ टक्के, 'कुटुंबाचा निर्वाहखर्च' असेल तर २० टक्के होता. म्हणजे वरच्या २ लाख २६ हजारांवर ११,३०० रुपये कापले जाणार की ४५,२००, हे ए-२ या परदेशी रक्कम पाठवण्याच्या फॉर्मवरच्या एका रकान्यावर ठरणार होते. शाखेत 'मुलीला खर्चाला पैसे पाठवायचेत' असे म्हटले की समोरचा माणूस निर्वाहखर्चाचा कोड टाकून मोकळा होतो. हा कर विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. शिवाय भाचीला मामाने थेट पाठवणे टाळलेले बरे, कारण रिझर्व्ह बँकेच्या 'जवळचे नातेवाईक' या व्याख्येत मामा येत नाही. त्याने बहिणीच्या खात्यात बँकेतून रक्कम द्यावी आणि आईने 'शिक्षण' या कारणाखाली पाठवावी हा सरळ मार्ग.

तरीही हा पर्याय मागे ठेवला. साडेतेरा लाखांचे मंजूर कर्ज वापराविना पडलेले असताना एका घरची ठेव मोडायची कशाला? शिवाय शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस लागत नाही.

दुसरा, हमीपत्र. जर्मनीत राहणाऱ्या कमावत्या व्यक्तीने परवाना कचेरीत जाऊन विद्यार्थ्याच्या खर्चाची जबाबदारी लिहून द्यायची. तिथल्या महाराष्ट्र मंडळात ओळखीचे एक कुटुंब होते आणि ते नाही म्हणाले नसते. पण ही जबाबदारी पाच वर्षांची असते, आणि या काळात विद्यार्थ्याने सरकारी मदत घेतली तर कचेरी हमीदाराकडे वसुली करते. गणपतीच्या आरतीला भेटलेल्या माणसाकडे एवढे मागणे बरे नव्हे, असे वडिलांनी स्पष्ट सांगितले. ते बरोबर होते.

तिसरा, पुण्यातल्या एका एजंटाने सुचवलेला: दोन महिन्यांसाठी व्याजाने रक्कम घेऊन खात्यात दाखवायची आणि परवाना मिळाला की परत करायची. खोट्या पुराव्यावर मिळवलेला परवाना रद्द होऊ शकतो आणि पुढचा प्रत्येक अर्ज संशयात जातो. यावर चर्चा फार झाली नाही.

सोने तारण ठेवणे आणि एक सेमिस्टर परत येणे हेही बोलले गेले. परत आल्यास मुदत संपलेला परवाना आणि नव्याने व्हिसा, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

काय केले

पहिला निर्णय छोट्या रकमेचा. १२ सप्टेंबरला आईने बँकेतून २ लाख ५० हजार पाठवले. कारणाचा कोड शिक्षणाचा, एस ०३०५. सोबत मुलीचे पारपत्र, परवाना आणि विद्यापीठातल्या नोंदणीचा दाखला. चलन बदलण्यावरचा जीएसटी ३१५ रुपये आला. खरा खर्च दरात असतो: शाखेच्या फलकावरचा दर बाजारभावापेक्षा दोन-अडीच रुपयांनी महाग होता. मोठी रक्कम असेल तर 'ट्रेझरीकडून', म्हणजे बँकेच्या चलन विभागाकडून, 'दर मागवा' असे म्हणावे, बहुतेक वेळा काही पैसे सुटतात. १६ तारखेला तिच्या खात्यात सुमारे २,३५० युरो पडले. मधल्या बँकेचे शुल्क वाटेत कापले जाते, म्हणून सेमिस्टरची रक्कम पुण्याहून थेट विद्यापीठाला पाठवली नाही. दहा युरो कमी पोहोचले तरी तिकडे 'भरले नाही' अशीच नोंद होते.

फेडण्याचा क्रम त्या चौथ्या रकान्यावरून ठरला. भाडे, सेमिस्टर आणि विमा त्याच दिवशी. मोबाइलची थकबाकी खरीच होती, म्हणून हरकत न घेता २२ तारखेच्या आत भरली आणि 'हिशेब पूर्ण' असे लेखी मागून घेतले. रेडिओ-टीव्ही वर्गणी घरामागे एकच असते, माणशी नाही. त्याच घरात राहणारी दुसरी मुलगी ती आधीच भरत होती. तिचा ग्राहक क्रमांक कळवल्यावर ११८ युरोंची मागणी एका पत्राने मिटली. मित्राला तिने 'डिसेंबरमध्ये देते' असे सांगितले. तो म्हणाला, मी कुठे मागतोय.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. विम्याची थकबाकी हातात एक युरो नसतानाही ऑगस्टमध्ये आवरता आली असती. विमा संस्थेशी हप्त्यांचा लेखी करार केला आणि हप्ते पाळले की थांबवलेल्या सेवा पुन्हा सुरू होतात. त्यासाठी फोन करावा लागतो एवढेच.

दुसरा निर्णय परवान्याचा आणि तोच कळीचा. घरी मत असे होते की कर्जाचा हप्ता येऊ दे, पुरावा पूर्ण झाला की अर्ज करू. अपुरा अर्ज केला तर फेटाळतील ही भीती. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागातल्या सल्लागाराने उलटे सांगितले. जर्मन निवास कायद्याच्या कलम ८१ नुसार मुदत संपण्याआधी अर्ज पोहोचला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना त्याच्या सगळ्या अटींसह, काम करण्याच्या मुभेसह, चालू धरला जातो. नंतर पोहोचला तर ते संरक्षण नाही. अपुरा कागद नंतर जोडता येतो, ती तारीख मात्र परत येत नाही.

२२ सप्टेंबरला तिने पोर्टलवर अर्ज भरला. हातात होते ते सगळे जोडले: नोंदणीचा दाखला, विम्याचे पत्र, भाडेकरार, कर्जाचे मंजुरीपत्र इंग्रजीत. सोबत एक पानाचे पत्र: खर्चाचा पुरावा अपुरा आहे, कारण हे, तो अमुक तारखेपर्यंत देते. आपोआप आलेली पोच तिने छापून ठेवली आणि तोच संच नोंदणीकृत टपालाने पुन्हा पाठवला.

तिसरे काम त्या एका पत्राचे, ज्याने दोन कुलुपे उघडली. विषयाच्या अभ्यास सल्लागारासोबत बसून तिने उरलेल्या क्रेडिटचा सेमिस्टरवार आराखडा केला. त्यावरून परीक्षा विभागाने जर्मन आणि इंग्रजीत पत्र दिले: विद्यार्थिनी नियमित नोंदलेली आहे, ३६ क्रेडिट झाले आहेत, दोन परीक्षा हिवाळी सेमिस्टरमध्ये आहेत, पदवी वाजवी मुदतीत पूर्ण होऊ शकते, या विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही. खाली सही आणि, तिने मुद्दाम मागितला म्हणून, गोल शिक्का. जर्मन कारकुनाला शिक्क्याचे महत्त्व कळले नाही, पुण्यातल्या बँकेला तो पाहूनच पत्र पटले. 'वाजवी मुदतीत पूर्ण होऊ शकते' हे वाक्य परवाना कचेरीलाही लागते, कारण मुदतवाढ देताना तीही नेमके हेच तपासते.

पुण्यात कर्जाचा मामला शाखेत नव्हताच. हे कळायला आईला चार फेऱ्या लागल्या. फाइल कर्ज प्रक्रिया केंद्रात होती आणि शाखा फक्त निरोप्या होती. मग मामाने २०२४ चे मंजुरीपत्र काढून अटी ओळीने वाचल्या. पुढच्या हप्त्यासाठी अट होती 'समाधानकारक शैक्षणिक प्रगती'. सहकर्जदाराच्या उत्पन्नाचा नवा दाखला मागण्याची अट कुठेच नव्हती. २९ सप्टेंबरला लेखी अर्ज दिला: मंजुरीपत्राचे कलम, विद्यापीठाचे पत्र, परवाना कचेरीच्या संकेतस्थळावरची ९९२ युरोंची अट आणि वडिलांची अद्ययावत केवायसी. प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. तो शिक्का महत्त्वाचा, कारण बँकेने लेखी तक्रार ३० दिवसांत सोडवली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. तशी वेळ आली नाही, पण शिक्क्यानंतर फोन उचलले जाऊ लागले.

तरी दसरा २ ऑक्टोबरला आणि दिवाळी २० च्या आसपास. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे खासगी टेबलांनाही लागू पडते. २७ ऑक्टोबरला केंद्राचा निरोप आला: पूर्ण बारा लाख देणार नाही, सहा महिन्यांचे देऊ, उरलेले हिवाळी निकालानंतर.

यावर घरात वाद झाला. वडिलांना पूर्ण रकमेसाठी भांडायचे होते. मुलीने मात्र 'आहे ते घ्या' म्हटले, आणि तिच्याकडे त्याला कारण होते. २० ऑक्टोबरला तिला आठवड्याला २० तासांच्या नोकरीचे लेखी आमंत्रण आले होते: ताशी १४ युरो, १७ नोव्हेंबरपासून सहा महिने. महिन्याला ढोबळ १,२१२ युरो. विद्यार्थी कामगाराकडून निवृत्तिवेतनाचे ९.३ टक्के कापले जातात, हातात सुमारे १,१००. म्हणजे पहिले सहा महिने पगार, पुढचे सहा महिने बंदिस्त खाते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते. २० तासांचा आठवडा अडीच दिवस धरला जातो, ५२ आठवडे धरले तरी १३० होतात.

नोकरी देणाऱ्या कंपनीला मात्र कागद हवा होता. कायद्याने तिची परवानगी चालूच राहणार होती, पण मनुष्यबळ विभागाला कलम ८१ दाखवून भागत नाही. ते आमंत्रण आणि पोच जोडून तिने परवाना कचेरीला लिहिले की हंगामी दाखला नसेल तर ही नोकरी जाईल आणि ही नोकरीच खर्चाचा पुरावा आहे. ६ नोव्हेंबरची वेळ मिळाली. १३ युरो भरून फिक्शन्सबेशायनिगुंग, म्हणजे अर्ज प्रलंबित असल्याचा अधिकृत दाखला, हातात आला. त्यावर कलम ८१ च्या चौथ्या उपकलमापुढे खूण आहे ना, हे तिने तिथेच पाहून घेतले. तिसऱ्या उपकलमाची खूण असती तर जर्मनीबाहेर गेल्यावर त्या दाखल्यावर परत येता आले नसते.

ऑक्टोबर ते डिसेंबर रोजचा खर्च आईने पाठवलेल्या आणखी एक लाखावर आणि विद्यार्थी सेवा संस्थेच्या ५०० युरोंच्या बिनव्याजी उसनवारीवर निघाला. ही उसनवारी मागायला काय पुरावे लागतात हे तिने आंतरराष्ट्रीय विभागात विचारले, आणि चार दिवसांत काम झाले.

निष्पत्ती

३ डिसेंबरला बँकेने सव्वासहा लाख सोडले. त्यातून ५,९५२ युरो नव्या बंदिस्त खात्यात गेले, टीसीएस लागला नाही. परवाना कचेरीने सहा महिन्यांचा नोकरीकरार आणि सहा महिन्यांचे बंदिस्त खाते असा जोड पुरावा मान्य केला. हा त्या कचेरीचा विवेकाधिकार आहे. दुसऱ्या शहरात दुसरा अधिकारी पूर्ण वर्षाचे खातेच मागू शकतो. जानेवारीत ९३ युरो शुल्क भरून एक वर्षाचे कार्ड मंजूर झाले. मित्राचे ६०० युरो डिसेंबरच्या पगारातून गेले. जुन्या खोलीची अनामत ऑक्टोबरअखेर आली होती, दुरुस्तीचे ७० युरो कापून.

पुण्यातले खाते सर्वांत शेवटी सुटले. परदेशी शिकायला गेलेला विद्यार्थी परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी असतो, त्यामुळे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयांतले खाते, करायचे होते. भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित केलेल्या पारपत्र, परवाना आणि पत्त्याच्या प्रती कुरिअरने पुण्यात आल्या, आणि जर्मन मोबाइल नंबर खात्याला जोडला गेला. ते १ लाख ६० हजार तिने जर्मनीला मागवले नाहीत. त्यातून आता कर्जाचे मासिक व्याज जाते; दुसऱ्या हप्त्याने ते वाढले, तरी साधारण अकरा महिने पुरेल. रुपये रुपयांच्या खर्चाला लावले की चलनबदलाचा तोटा नाही, आणि निवृत्त वडिलांवरचा भारही उतरला.

वेगळे काय करता आले असते

अनामतीचे हप्ते आणि ऑगस्टमधला विम्याचा फोन यांचा उल्लेख वर आलाच आहे. पण सर्वांत महाग पडली ती एक तारीख. कर्जाचा दुसरा हप्ता मे-जूनमध्ये मागायला हवा होता, वडील पगारावर असताना. तेव्हा तीन-चार विषयांचेच निकाल हाती असते, पण परीक्षा विभागाचे पत्र तेव्हाही मिळाले असते. मंजुरीपत्र घरात होते. ते २०२४ नंतर पहिल्यांदा उघडले गेले ते सप्टेंबर २०२५ मध्ये.

सिमकार्डाचे रिचार्ज वर्षाला काही हजारांत झाले असते. जाण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घेतले असते तर ओटीपीचे एसएमएस तिकडेही आले असते. जाण्याआधीच्या यादीत कुकर, पोहे, हळद सगळे होते, हे नव्हते.

हमीपत्र न घेण्याच्या आणि सहा महिन्यांचा हप्ता स्वीकारण्याच्या निर्णयांवर आजही दोन मते आहेत. वडिलांच्या मते पूर्ण रक्कम एकदाच आली असती तर पुन्हा ही धावपळ नसती, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नाही: नोकरीचा करार मेमध्ये संपतो, तो वाढला नाही तर बंदिस्त खात्यावर नोव्हेंबरपर्यंतच निभेल आणि परवाना त्यानंतर दोन महिने पुढे आहे. दुसऱ्या बाजूला, कमी कर्ज म्हणजे कमी व्याज, आणि भांडत बसले असते तर नोकरीचे आमंत्रण गेले असते.

हिवाळी परीक्षांचे निकाल मार्चअखेर लागणार आहेत. उरलेल्या हप्त्याचा अर्ज भरून तयार आहे. त्यात फक्त क्रेडिटचा आकडा घालायचा राहिला आहे, आणि टपालपेटीवर आता तिचे पूर्ण नाव आहे, वडिलांच्या नावासकट.